शाळेच्या परसबागेचे रक्षण : हरणे व बिळे करणारे प्राणी

पावसाळ्याच्या आरंभी विद्यार्थ्यांनी लावलेली परसबाग दिवाळीच्या सुट्टीत ओस पडते. सुट्टी संपवून मुले परततात, तेव्हा वांग्यांच्या जागी नुसते बुडखे व रताळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. रानालगतच्या व माळरानावरील अनेक शाळांचा हा अनुभव आहे. नुकसान केवळ भाजीचे होत नाही. जी भाजी मुलांच्याच मध्यान्ह भोजनात पडावयाची, ती एका रात्रीत गेली म्हणजे पुढील वर्षी वाफे खणावयास मुले मनापासून येत नाहीत.

उपाय योजण्यापूर्वी चोर कोण हे ओळखावे. हा पाठ वर्गात नव्हे, वाफ्यावरच घ्यावा. हरणास वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात व वरची कठीण हिरडी यांत पाला धरून ते हिसडा देते. म्हणून देठाचे टोक फाटलेले व तंतू लोंबत असलेले दिसते. ससा, उंदीर, घूस व साळिंदर यांचे पुढचे दात छिन्नीसारखे असून जन्मभर वाढतात. त्यांनी तोडलेला देठ चाकूने तिरपा कापल्यासारखा स्वच्छ असतो. शेजारी दुभंगलेल्या खुरांचे ठसे आढळल्यास संशयास जागा उरत नाही. बोलीभाषेत काळविटासही हरीण म्हणतात, परंतु शास्त्रदृष्ट्या ते हरीण नव्हे. चितळ व सांबर यांची शिंगे ठरावीक काळाने गळतात व पुन्हा येतात, काळविटाची कायम राहतात. गळालेली शिंगे साळिंदर कुरतडते, ही गोष्ट मुलांना विशेष गंमतीची वाटते. साळिंदर काटे फेकून मारते, ही समजूत मात्र याच वेळी दूर करावी. त्याचे काटे सहज सुटतात व शत्रूच्या अंगात रुततात, एवढेच खरे.

हरणांसाठी उंच कुंपणावाचून खात्रीचा उपाय नाही. बुजगावणे किंवा विदर्भात शेताभोवती बांधतात तशी जुन्या लुगड्यांची झालर काही दिवस उपयोगी पडते. पुढे जनावरे तिला सरावतात. बोरी-बाभळीच्या काट्यांची दाट वई पुरुषभर उंचीची करावी आणि तिच्या आतून सागरगोटा, चिलार किंवा करवंद यांची रोपे लावावीत, म्हणजे काटे कुजेपर्यंत जिवंत कुंपण तयार होते. शेराचे कुंपण सोपे खरे, पण त्याचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. जेथे लहान मुले खेळतात, तेथे ते लावू नये.

कुंपण कितीही उंच असले तरी उकरणाऱ्या प्राण्यांस त्याची अडचण नसते. त्यांच्यासाठी तारेची बारीक जाळी जमिनीत फूटभर पुरून तिचा तळ बाहेरच्या बाजूस वळवावा. प्राणी कुंपणालगत उकरू लागतो व त्या आडव्या जाळीवर अडतो. जाळी परवडत नसल्यास कुंपणाच्या पायाशी चर खणून तो दगडगोट्यांनी ठासून भरावा. रताळी व सुरण यांचे वाफे कुंपणाच्या कडेस न ठेवता मध्यभागी घ्यावेत.

उंदीर-घुशींच्या बिळांबाबत प्रथम गणना करावी. सायंकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने बुजवावीत व खुणेच्या काठ्या रोवाव्यात. सकाळी जी उघडलेली दिसतील, ती वापरातील होत. चौथीच्या मुलांना यातून अपूर्णांकाची चांगली उदाहरणे मिळतात. बिळात कोणीही हात घालू नये. आत साप असू शकतो, आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या ओल्या मातीतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. वापरातील बिळांपाशी भाकरीचा किंवा भज्याचा तुकडा लावून पिंजरे ठेवावेत. बांधावरील गवत काढून टाकावे. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. तिला मारू देऊ नये. घुबड बसावे म्हणून वाफ्यात आडवी काठी बांधलेला खांब रोवावा. घुबडास अशुभ मानणारे ग्रामस्थ कुरकुर करतील. त्यांना बुजवलेल्या व उघडलेल्या बिळांचे आकडे दाखवावेत.

दोन गोष्टी शाळेच्या आवारात कदापि होऊ देऊ नयेत. कुंपणाच्या तारेत घरगुती विजेचा प्रवाह सोडल्यास जनावराइतकाच माणूसही मरतो, आणि चेंडूमागे धावणारे मूल तारेकडे पाहत नाही. दुसरी गोष्ट विषाची. उंदरांसाठी वापरतात त्या झिंक फॉस्फाइडपासून पोटात फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. असे आमिष कोंबडीच्या, शेळीच्या वा बालकाच्या तोंडी जाण्यास क्षणही पुरतो. शिवाय चितळ, सांबर, काळवीट यांना मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे. त्रास असह्य झाल्यास वनरक्षकास लेखी कळवावे.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी गावातीलच पालक व मोठ्या वर्गांतील मुले यांच्या जोड्या करून रोज सकाळी कुंपणाच्या पायाशी एक फेरी मारण्याच्या पाळ्या लावून द्याव्यात. साळिंदराने पाडलेले भगदाड त्याच दिवशी दगडांनी बुजविले नाही, तर दुसऱ्या रात्री ते बहुधा त्याच वाटेने आत येते.