प्लग लावलास का?

अगं, आधी एक सांग. तुमच्या गाडीच्या पुढच्या जाळीतून प्लग असलेली वायर बाहेर लोंबते का? बहुतेक नाहीच. व्हँकूवरला हिवाळा म्हणजे पाऊस, तिथे ब्लॉक हीटर कोण बसवून घेतंय! पण एकदा बॉनेट उघडून बघून घे. कधी कधी हीटर असतो आणि वायर आतच दुमडून बांधलेली असते. नसेल, तर ऑक्टोबरअखेर इथे विनिपेगला पोचलात की भांडीकुंडी लावायच्या आधी गाडी गॅरेजला ने. थट्टा नाही करत. पहिला कडाका पडला की अख्ख्या गावाला एकदम जाग येते, आणि मग गॅरेजमध्ये नंबर लागता लागत नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, त्यात काय, सकाळी दहा मिनिटं आधी चालू करून ठेवेन." नाशिकच्या थंडीत बाबा चोक ओढून स्कूटर घुर्र घुर्र करत ठेवायचे, तेच तुझ्या डोक्यात आहे. इथलं गणित वेगळं. जानेवारीत विनिपेगचं सरासरी तापमानच उणे 16 च्या आसपास असतं, आणि मध्येच एखादा आठवडा असा येतो की पहाटे बघावं तर उणे 30, उणे 35. गावाचा विक्रम आहे उणे 47.8 चा, 24 डिसेंबर 1879 चा. तेव्हा गाड्या नव्हत्या, सुटल्या बिचाऱ्या. एवढ्या थंडीत गाडी सकाळी गरम करायची नसते, ती रात्री फार गार होऊ द्यायची नसते. सकाळी तू जे काही करशील त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी काय केलंस, त्यावर ऑफिसला वेळेवर पोचणं ठरतं.

म्हणून तो हीटर. इंजिनाच्या ठोकळ्यात बसवलेली छोटीशी कॉइल असते, ती आतलं कूलंट गरम ठेवते आणि त्यामुळे आजूबाजूचा धातूही. इथून गाडीने अडीच तासांवर, सीमेपलीकडे नॉर्थ डकोटातलं ग्रँड फोर्क्स आहे. तिथल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या माणसाने 1940 च्या दशकात हा हीटर तयार केला आणि 1949 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कॅलिफोर्नियात बसून कुणाला हे सुचलं नसतं. आता इथे पार्किंगमध्ये खांबाखांबावर सॉकेट असतात, गाड्या रांगेने त्यांना तोंड लावून उभ्या. नव्या माणसाला वाटतं, वा, इथे सगळ्यांकडेच विजेच्या गाड्या!

रात्रभर प्लग लावून ठेवायचा नाही हं. निघायच्या चारेक तास आधी चालू झाला की पुरतो, त्याहून जास्त वेळ म्हणजे नुसती वीज जाळणं. बाहेर चालणारा टायमर आण. सातला निघायचं तर पहाटे तीनला चालू होईल असा लावून झोपी जा. लहान गाडीचा हीटर साधारण 400 वॅटचा धरलास तर चार तासांत दीड-पावणेदोन युनिट. आमच्या मॅनिटोबा प्रांताची वीज जवळजवळ सगळी धरणांची, त्यामुळे स्वस्त. एका सकाळचे वीसेक सेंट. उणे 15 च्या खाली जाणार असं दिसलं की लावायचा. वायर मात्र बाहेरच्या वापराची, जाड, तीन पिनांची घे. घरातली नेहमीची एक्स्टेंशन कॉर्ड त्या थंडीत काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की तिचं आवरण तडकतं. आणि वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावरून घेऊन मग जोड. सकाळी दार उघडताना ती समोर येते, नाहीतर लोक प्लगसकट निघून जातात. हसू नकोस. दर हिवाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या मागे तुटकी वायर फरफटत चाललेली दिसतेच.

ऑइलचं सांगते. लहानपणी डिसेंबरात आईची खोबरेल तेलाची बाटली कशी पांढरी घट्ट व्हायची, उन्हात ठेवल्याशिवाय थेंब पडायचा नाही? चुकीचं ऑइल असलं तर इंजिनात साधारण तोच प्रकार. स्टार्टर जीव तोडून फिरवतो आणि तेल वरच्या भागांपर्यंत पोचतच नाही. डब्यावर 5W-30, 0W-20 असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत पातळ. 0W चं तेल उणे 40 लाही पंपाने ओढलं गेलं पाहिजे, अशी त्याची चाचणीच असते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठली तेलं चालतात ते बघ, त्यातल्या सगळ्यात लहान आकड्याचं फुल सिंथेटिक भरून घे. तिथेच कूलंटही तपासायला सांग. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही. कूलंट जितकं जास्त तितकं चांगलं, असं वाटून कुणी ते निव्वळ भरायला निघालं तर थांबव. निव्वळ कूलंट उणे 13 च्या आसपासच गोठायला लागतं.

बॅटरी मात्र खरी दगाबाज. उणे 18 ला तिची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला दुप्पट जोर लागतो. तिच्या अंगावर सीसीए म्हणून एक आकडा असतो. उणे 18 ला ती किती अँपिअर देऊ शकते, त्याचा तो आकडा. विकत घेताना तो बघायचा. व्हँकूवरला चार वर्षं निमूट चाललेली बॅटरी इथे पहिल्याच आठवड्यात हात वर करते, म्हणून निघायच्या आधी तपासून घ्या. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे 50 लाही गोठत नाही, पण उतरलेली असेल तर उणे 7-8 लाच आत बर्फ होतो. कधी तिच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर तिला जंप देण्याच्या फंदात पडू नकोस. ती फुटू शकते. आणि रात्री गाडी बंद करण्याआधी पंखा, सीट हीटर, मागच्या काचेचा हीटर सगळं बंद कर, म्हणजे सकाळी बॅटरीची सगळी ताकद स्टार्टरला मिळते. तुझं ऑफिस घरापासून जवळ असणार, त्यामुळे रोजच्या दहा मिनिटांत बॅटरी भरत नाही. रविवारी एखादा लांबचा फेरा मारत जा. जावईबापूंना तेवढंच टिम हॉर्टन्सचं निमित्त.

आता ती तुझी दहा मिनिटं. किल्ली फिरव, दहा सेकंदांपेक्षा जास्त कुरकुरत ठेवू नकोस. नाही झाली चालू तर मिनिट-दोन मिनिटं थांबून परत. झाली की अर्धं मिनिट थांब, अगदी उणे 30 असेल तर काच साफ होईस्तोवर तीन-चार मिनिटं, आणि निघ. हळू. पहिले पाच-सात किलोमीटर ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी फार लवकर तापते, आणि इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर हेही तापतात. उभं राहून ते कधीच तापणार नाहीत. गार इंजिन उभ्या उभ्या चालत राहिलं की पेट्रोल जास्त ओढतं, त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. कॅनडा सरकारचं ऊर्जा खातंही लोकांना हेच सांगत आलंय. तरी आमच्या गल्लीत वीस-वीस मिनिटं धूर सोडत उभ्या राहणाऱ्या गाड्या असतातच. सवय माणसाची, बिल गाडीला. सुरुवातीला गाडी कण्हेल, स्टिअरिंग जड लागेल, रात्रभर एकाच जागी दबलेले टायर चपटे होऊन धपधप करतील. घाबरू नकोस, दोन-चार किलोमीटरमध्ये गोल होतात.

रेडिओवर ऐकशील, "वारा धरून उणे 45." तो आकडा तुझ्या गालांसाठी आहे, गाडीसाठी नाही. हवा उणे 30 असेल तर गाडी उणे 30 च्या खाली जात नाही. वाऱ्याने ती तिथवर लवकर पोचते एवढंच. म्हणून जमेल तेव्हा भिंतीच्या आडोशाला उभी करायची.

आणि हे मात्र नीट ऐक. गॅरेजमध्ये गाडी चालू करून ठेवायची नाही. दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. घरात शिरला तर आधी डोकं जड होतं, मग कळण्याच्या पलीकडे जातं. बाहेर उभी असेल तरी चालू करण्याआधी मागे जाऊन धुराड्याच्या नळीत बर्फ साचलाय का ते बघ. भाचीला आत बसवून "तू बस, मी काच खरवडते" असं तर बर्फ काढल्याशिवाय मुळीच करू नकोस. किल्ली आत ठेवून, गाडी चालू सोडून चहा प्यायला घरात जाणं हेही नाही. चोर थंडीत रजा घेत नाहीत. पैसे असतील तर रिमोट स्टार्टर बसवून घ्या, त्यात दारं कुलूपबंद राहतात.

टायर तिथूनच घालून निघा. रॉकीज ओलांडताना तसेही लागतील. ब्रिटिश कोलंबियात बहुतेक घाटरस्त्यांवर 1 ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे असतात. ऑल-सीझन या नावावर जाऊ नकोस, 7 अंशांच्या खाली ते रबर कडक व्हायला लागतं. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चित्र असलेले घे. चारही. दोनच घालून पैसे वाचवायची कल्पना जावईबापूंना सुचेल, ती तिथेच मोडून काढ. हवा दर आठवड्याला बघ. तापमान पाच-सहा अंश उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयने उतरतो, म्हणजे व्हँकूवरच्या ऑक्टोबरात भरलेली हवा इथल्या जानेवारीतल्या कडाक्यात सहा-सात पीएसआयने कमी भरते.

काच धुण्याचं पाणी तिथलंच घेऊन येऊ नका, वाटेत अल्बर्टात गोठेल आणि नळ्या फुटतील. उणे 40 लिहिलेलं घ्या. त्यात मिथेनॉल असतं, विषारी. भाचीच्या हाताला लागेल असं ठेवू नकोस. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडा जातो. वायपर रात्री उभे करून ठेवायचे. काचेला चिकटलेले असताना चालू केलेस तर फ्यूज तरी उडतो नाहीतर मोटर तरी. टपावरचा बर्फ काढून मगच निघ. पहिल्या सिग्नलला ब्रेक मारलास की तो सगळा समोरच्या काचेवर येतो. हँडब्रेक ओढू नकोस, आत गोठून अडकतो. सपाट जागी गिअर पार्कमध्ये पुरे. दारांच्या रबराला सिलिकॉन चोळून ठेव. आणि कुलपातला बर्फ वितळवणारी बाटली पर्समध्ये असू दे. गाडीतच ठेवली तर उपयोग काय?

काचेवर आतून बर्फ धरतो, हे तुला नवीन असेल. बुटांबरोबर आत आलेला बर्फ वितळतो, त्याची वाफ होते, वर आपले श्वास. बसायच्या आधी बूट आपटून घ्यायचे, रबरी पायपुसणी झटकायची, आणि ब्लोअर आतली हवा फिरवण्यावर न ठेवता बाहेरची हवा घेण्यावर ठेवायचा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, का तर लवकर ऊब येते.

मागच्या सीटवर एक पिशवी कायम. डिकीत नको, डिकीचं कुलूप गोठू शकतं. ब्लँकेट, जादाचे हातमोजे-टोपी, विजेरी, जंपर केबल, थोडी वाळू, घडीचं फावडं, डब्यात लावायची मेणबत्ती आणि काडेपेटी. खायला चिक्की ठेव, पण उणे 30 ला तिचा दगड होतो हे लक्षात असू दे. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. हायवेवर बर्फाच्या वादळात अडकलात तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, मदत आधी गाडीच शोधते. धुराड्याची नळी मोकळी करून तासाला दहा मिनिटं इंजिन चालवायचं, खिडकी बोटभर उघडी ठेवून. फोन आतल्या खिशात अंगाशी ठेव, बाहेर त्याची बॅटरी बघता बघता संपते.

जावईबापू म्हणत होते, ही विकून विजेचीच घेऊ, म्हणजे ब्लॉक हीटरची भानगड नको. घ्या की. नॉर्वेत लोक थंडीत त्याच चालवतात. फक्त कडाक्यात एका चार्जवर जाण्याचं अंतर तिसऱ्या हिश्शाने तरी कमी धरायचं, आणि निघायच्या आधी गाडी प्लगला असतानाच आतून गरम करून घ्यायची, म्हणजे ती वीज बॅटरीतून जात नाही. पण भाड्याच्या घराच्या करारावर सही करण्याआधी घरमालकाला दोन गोष्टी विचार. खांबावरचं सॉकेट सलग चालू असतं की वीज वाचवायला अर्धा तास चालू, अर्धा तास बंद असं फिरतं? हीटरला तेवढं चालतं, गाडी चार्ज करायला नाही. आणि ते सॉकेट भाड्यात धरलंय की महिन्याचे वेगळे पैसे? उत्तर लेखी घे, आणि मला फोटो पाठव.