उरलेली औषधे टाकावीत कोठे?



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात गरजू रुग्णांसाठी औषधे गोळा करावयाचे ठरले. पंधरा दिवसांत दोन मोठी खोकी भरली. उघडून पाहतो तो निम्म्याहून अधिक औषधांची मुदत संपलेली! अर्धवट वापरलेल्या खोकल्याच्या बाटल्या, नाव व तारीख कापली गेलेल्या पट्ट्या, एका पिशवीत तर वापरलेल्या इन्शुलिनच्या सुया. आपणांस नको ते गरिबाला दिले म्हणजे दान होत नाही, असे एक वृद्ध उपासिका म्हणाल्या, ते सर्वांना पटले. पण एवढ्याचे करावयाचे काय? एक तरुण म्हणाला, "मागे नाला आहेच की."

सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात असाच प्रसंग आहे. ब्राह्मणाने आणलेली खीर तथागतांनी स्वीकारली नाही, तेव्हा ती कोणाला द्यावी, असे त्याने विचारले. जेथे हिरवळ नाही अशा जागी किंवा ज्यात जीव नाहीत अशा पाण्यात ती टाक, असे भगवंतांनी सांगितले. खिरीबाबत एवढी काळजी! विनयातही भिक्खूने हिरवळीवर किंवा पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असा नियम आहे. तूप, लोणी, तेल, मध व गूळ ही औषधे सात दिवसांहून अधिक साठवू नयेत, असाही नियम आहे. आपल्या कपाटात मात्र तीन-तीन वर्षांच्या गोळ्या पडून असतात.

औषध पाण्यात गेले म्हणजे संपले, ही समजूत चुकीची आहे. सांडपाणी शुद्ध करणारी नेहमीची केंद्रे औषधांचे अंश पूर्णपणे काढण्यासाठी बांधलेली नाहीत. पाण्यातील जंतूंना प्रतिजैविकांची थोडीथोडी मात्रा मिळत राहिली की त्यांतील चिवट जंतू तगतात व वाढतात, आणि मग तेच औषध रुग्णाला लागू पडेनासे होते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. हा दोष कारखान्यांचा, घरांचा नव्हे. गिळलेल्या औषधाचाही काही भाग लघवीवाटे पाण्यात जातोच, तो आपल्या हाती नाही. फेकलेला मात्र आहे.

औषध निसर्गात किती दूर पोहोचते, हे गिधाडांनी दाखवून दिले. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण उमगले २००४ साली. जनावरांसाठी या औषधावर बंदी आली २००६ साली.

आता घरी काय करावे ते पाहू. प्रथम औषध विक्रेत्याला किंवा जवळच्या रुग्णालयाला ते परत घेतात का, हे विचारावे. केरळ सरकारने २०२५ साली कोझिकोडपासून अशी औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. आपल्याकडे कोणी घेत नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून, न चुरता, माती किंवा वापरलेल्या चहापत्तीत मिसळाव्यात व पिशवी घट्ट बांधावी. पातळ औषधही तसेच मातीत जिरवून पिशवीत घालावे. पट्ट्या व खोकी फाडून टाकावीत, नाहीतर भेसळ करणाऱ्यांचे फावते. अंगणात जाळू नये. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल यांसारख्या औषधांची एकच मात्रा दुसऱ्याच्या, विशेषतः मुलाच्या, जिवावर बेतू शकते. म्हणून केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली अशा १७ औषधांची यादी देऊन, परत देण्याची सोय नसल्यास ती संडासात टाकून पाणी सोडण्यास सांगितले. हा अपवाद फक्त त्या १७ औषधांपुरता आहे.

सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण पक्के लावावे व बाटलीवर 'सुया' असे लिहावे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सुया व मुदत संपलेली औषधे यांना घरगुती घातक कचरा ठरविले होते. म्हणून ही बाटली आणि ती पिशवी ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यावी व देताना तोंडी सांगावे. ती पिशवी हाताळणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या भगिनींमध्ये आपल्याच समाजातील कितीतरी जणी आहेत. बहुतेकींच्या हातात मोजे नसतात.

विहारातील ती खोकी अखेर शहरातील एका रुग्णालयाने आपल्या जैववैद्यकीय कचऱ्यासोबत नेण्यास घेतली. त्यासाठी चार चकरा माराव्या लागल्या. नाल्याचा उपाय सुचविणारा तो तरुणच चारही वेळा गेला.