गार पाण्याचा एक प्याला

आजचे वचन : मत्तय १०:४२

लहानातल्या लहानाला दिलेला गार पाण्याचा एक प्यालाही प्रभू येशू विसरत नाही. किती साधी गोष्ट, नाही का?

स्कॉट हॅरिसन ख्रिस्ती घरात वाढला, पण पुढे दहा वर्षं देवापासून दूर राहिला. न्यूयॉर्कच्या नाइटक्लबमध्ये तो पार्ट्या भरवायचा. तिथं पाण्याची एक बाटली दहा डॉलरला विकली जायची. मग तो देवाकडे वळला आणि २००४ मध्ये ‘मर्सी शिप्स’च्या इस्पितळ-जहाजावर स्वयंसेवक फोटोग्राफर म्हणून पश्चिम आफ्रिकेला गेला. पगार नाहीच, उलट महिन्याला पाचशे डॉलर स्वतःच्या खिशातून! लायबेरियाच्या खेड्यांत त्याने मुलांना डबक्यातलं घाण पाणी पिताना पाहिलं. कितीतरी आजारांचं मूळ त्या पाण्यातच होतं.

आपणही मोबाईलवर असे फोटो बघतो, हळहळतो आणि पुढे स्क्रोल करतो. स्कॉट मात्र तिथंच थांबला नाही. २००६ मध्ये, ३१व्या वाढदिवसाला, त्याने क्लबमध्ये पार्टी ठेवली आणि प्रत्येकाकडून वीस डॉलर घेतले. ते पैसे उत्तर युगांडातल्या एका छावणीत विहिरींसाठी गेले. ‘चॅरिटी वॉटर’ची ती सुरुवात.

बघा, पार्टी भरवणं हे त्याचं जुनंच काम! देवाने तेच वापरलं. तुमच्या हातात आज काय आहे? प्याला छोटा असेल, पण तो कुणाच्या तरी ओठांपर्यंत पोहोचू द्या.

प्रार्थना : प्रभू, मला नुसतं पाहणारा ठेवू नकोस, देणारा कर. आमेन.