प्लॅन वाढवला, तरी वायफाय रडतंच

प्रश्न : आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. इंटरनेटचा प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएस केला, तरी मागच्या केबिनमध्ये वायफाय सारखं तुटतं. रिटर्न भरताना पान अडकून बसतं. आता आणखी मोठा प्लॅन घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको, इतक्यात पैसे घालू नका. प्लॅनचा वेग राउटरपर्यंत पोहोचतो. तिथून तुमच्या केबिनपर्यंतचा प्रवास वेगळा. आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासा. तिथे पूर्ण मिळाला, तर दोष वायफायचा. तिथेही कमीच असेल, तर कंपनीकडे तक्रार करा.

राउटर कुठे ठेवलाय? बहुतेक ऑफिसांत तो फायलींच्या लोखंडी कपाटामागे असतो, आणि लोखंड लहरी अडवतं. तो मोकळ्यावर, उंच आणि शक्यतो मध्यभागी ठेवा. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतीपलीकडे बरा पोहोचतो, पण त्यावर शेजाऱ्यांचीही गर्दी असते. तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी कमी वापरातलं चॅनेल निवडा. राउटरजवळच्या संगणकांना ५ गिगाहर्ट्‌झ द्या.

तरीही मागे रेंज नसेल, तर केबल ओढून तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवा. रिपीटर स्वस्त असतो, पण अनेकदा वेग निम्म्यावर आणतो. रिटर्न भरायचा संगणक मात्र केबलवरच ठेवा.

तुमच्याकडे अशिलांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात. म्हणून राउटरचा मूळ पासवर्ड आजच बदला आणि येणाऱ्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू करा.