आपले विहार सर्वांसाठी खुले आहेत काय?

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी आमच्या वस्तीतील विहारात वंदना चालू असते, तेव्हा बाहेर पायऱ्यांच्या खाली एक वृद्ध उपासिका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असते. विहार बांधला गेला त्या वेळी याच माऊलीने घरोघर फिरून वर्गणी गोळा केली होती, डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. आता गुडघे साथ देत नाहीत. विहाराचे जोते तीन फूट उंच, पायऱ्या सहा, आणि धरायला कठडा नाही. त्रिशरण-पंचशील ती लाऊडस्पीकरवरून ऐकून खालूनच म्हणते. आत येऊ नकोस असे तिला कोणीही म्हटलेले नाही. उलट तरुण मुले "आजी, उचलून नेतो" म्हणतात. परंतु चारचौघांत उचलून घेणे तिला लाजिरवाणे वाटते. म्हणून "इथूनच बरं ऐकू येतं बाळा" असे सांगून ती त्यांची बोळवण करते.

सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळभर पाणी कोणाला घेता आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांना हजारो बांधवांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले, आणि पुढे उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून अडवणूक होता कामा नये, असे संविधानाचे कलम १५ (२) सांगते. विद्यार्थी मित्रांनी हे कलम मुळातून वाचावे.

येथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते. अस्पृश्यतेची आणि पायरीची तुलना आम्ही करीत नाही. तेथे तिरस्कार होता, येथे विसर आहे. बांधणाऱ्यांच्या मनात कसलेही पाप नव्हते. त्या वेळी सर्वांचे गुडघे धड होते, एवढेच. परंतु कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद असलेले दार म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळावे?

दिव्यांग बांधवांच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे. १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींत उतार, चाकाच्या खुर्चीला योग्य शौचालये आणि लिफ्टमध्ये ब्रेल चिन्हे असावीत असे सांगितले. पण "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" अशी पळवाटही ठेवली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अधिक कडक आहे. सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही, असे त्यात म्हटले आहे. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केंद्राच्या नियमांतील सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे, ती बंधनकारक हवीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. आमच्या त्या उपासिकेसारखी वयाने थकलेली माणसे यात बहुधा धरलेलीच नाहीत.

आपल्या मंडळींना वाटते की हा कायदा सरकारी कचेऱ्यांपुरता आहे. तसे नाही. "सार्वजनिक इमारत" या शब्दाच्या व्याख्येत लोकांच्या वापरातील खाजगी इमारतीही येतात, आणि त्यात धार्मिक व सांस्कृतिक कार्याच्या वास्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे विहार आला, समाजमंदिर आले, अभ्यासिकाही आली.

कायद्याचे राहू द्या. तथागतांनी याविषयी काय केले ते पाहू. आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः न्हाऊ घातले, ही महावग्गातील कथा आपण ऐकलेली असते. पण चुल्लवग्गातील निवासस्थानांचे प्रकरण फारसे कोणी उघडत नाही. उंच जोत्यावर चढताना भिक्खूंना त्रास होऊ लागला, तेव्हा भगवंतांनी विटांच्या, दगडांच्या आणि लाकडी पायऱ्यांना अनुमती दिली. पायऱ्या चढताना लोक पडू लागले, तेव्हा हाताने धरण्याच्या कठड्याला अनुमती दिली. त्याला पालीत आलंबनबाह म्हणतात. याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे. म्हातारपणाने दुबळा झालेला एक भिक्खू शौचाहून उठताना पडला. ते कळताच शौचकूपात धरून उठण्यासाठी आधार ठेवण्याची अनुमती मिळाली. त्याचे नाव ओलंबक. त्या भिक्खूला "जपून उठत जा" असा उपदेश केल्याचे तेथे नाही. बदल केला तो शौचकूपात. आज दिव्यांगांच्या शौचालयात भिंतीला जो स्टीलचा दांडा बसवतात, तो आपल्या विनयात अडीच हजार वर्षांपूर्वीच आला आहे!

खुर्चीचाही प्रश्न निघतो. काही ज्येष्ठ मंडळींना वंदनेच्या वेळी खुर्चीवर बसणे अनादराचे वाटते. त्यांनी सेखिय नियम पाहावेत. उंच आसनावर बसलेल्याला भिक्खूने खालच्या आसनावरून धम्म सांगू नये असा नियम आहे खरा, पण तो निरोगी माणसापुरता आहे. आजाऱ्याला त्यातून वगळले आहे. तेव्हा भिंतीलगत खुर्च्यांची एक ओळ खुशाल ठेवावी.

आता उताराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका येथेच होतात. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे प्रमाण. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट लांबीचा उतार लागतो. जागा वाचवण्यासाठी गवंडी तो दहा फुटांत बसवतो. मग ती मुलांची घसरगुंडी होते, चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही आणि चढली तर उतरताना आवरत नाही. उतार चार फूट रुंद असावा, सलग तीस फुटांच्या आत पाच फुटांचा सपाट टप्पा यावा आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. वर गुळगुळीत ग्रॅनाइट नको, पावसात पाय घसरतो. खरबरीत शहाबादी फरशी पुरे. दार किमान तीन फूट मोकळे उघडावे आणि उंबरठा नसावा.

इतर गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. दारातील चपलांचा ढीग हा अंध माणसाचा आणि काठी टेकणाऱ्याचा मोठा शत्रू. चपला बाजूच्या फळीवर जाव्यात आणि शेजारी बसून चप्पल काढायला एक बाक असावा. पाण्याचा एक नळ खाली घ्यावा. सूचना ध्वनिक्षेपकावर सांगतानाच फळ्यावरही लिहाव्यात, म्हणजे कर्णबधिर बांधवांना विचारत फिरावे लागणार नाही.

"उचलून नेऊ की!" या उत्तराबद्दल आमचा अनुभव सांगतो. आम्ही बँकेत नोकरी करतो. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी वृद्ध निवृत्तिवेतनधारक येतात. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही फॉर्म आणि शाईचे पॅड घेऊन खाली रिक्षापर्यंत जातो. आशीर्वाद मिळतात, बरेही वाटते. पण ज्या दिवशी आम्ही रजेवर असतो, त्या दिवशी त्यांनी काय करायचे? एक आजोबा दोनदा तसेच परत गेल्याचे आम्हाला नंतर कळले.

आमच्या विहाराच्या उत्तर बाजूस तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद पट्टी मोकळी आहे. आम्ही टेप लावून मोजली. अठरा फुटांचे दोन उतार, मध्ये वळणावर पाच फुटांचा सपाट टप्पा आणि दारापाशी तेवढीच सपाट जागा, असे सर्व तेथे बसते. गवंड्याने पाहून होकार दिला आहे. नकाशा आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. खर्चाला कोणाची हरकत नाही. सध्या त्या पट्टीवर मोटारसायकली उभ्या असतात, त्या कोठे लावायच्या यावर दोन बैठका झाल्या आहेत. तिसरी येत्या रविवारी, वंदनेनंतर आहे. ती खाली अंगणात घ्यावी, अशी विनंती आम्ही केली आहे.