नितळ पाणी आणि निर्मळ पाणी : दोन ॲक्सोलोटलांच्या मृत्यूवरून एक पाठ

आमच्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेत खिडकीपासून दूर, भिंतीच्या कडेला काचेची एक टाकी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वसतिगृहात राहून दहावी झालेला आणि आता पुण्यात नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी मे महिन्यात ती घेऊन आला. टाकी रिकामी होती. तिच्यासोबत त्याने एक वही दिली. आपण पाळलेल्या दोन ॲक्सोलोटलांची अडीच महिन्यांची हकिकत त्याने तीत तारीखवार लिहिली होती. शेवटच्या पानावर एकच ओळ होती : 'सर, माझे काय चुकले?'

निरीक्षण करावे आणि ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, ही सवय त्याला आम्हीच लावली होती. म्हणून त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे आमचे कर्तव्य ठरले. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसह आम्ही ती वही पानोपान वाचली. त्या वाचनातून जो पाठ सिद्ध झाला, तो या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्राणी कोण?

ॲक्सोलोटल दिसायला माशासारखा वाटला तरी मासा नव्हे. बेडकाप्रमाणे तो उभयचर वर्गातील असून सॅलॅमँडर प्राण्यांच्या गटात मोडतो. बेडकाचे पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेते, मोठे झाल्यावर कल्ले गमावून जमिनीवर येते. ॲक्सोलोटल मात्र प्रौढ होऊन अंडी घालू लागला तरी बालरूपातच राहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले घेऊन तो सारे आयुष्य पाण्यात काढतो.

त्याचे मूळ घर मेक्सिको शहराच्या दक्षिणेस असलेले सोचिमिल्कोचे पाणथळ क्षेत्र. सुमारे 2,200 मीटर उंचीवरील या कालव्यांचे पाणी थंड आणि संथ असते. 1864 साली तेथून 34 ॲक्सोलोटल पॅरिसला नेण्यात आले. त्यांपैकी सहा प्राणी ऑग्युस्त द्यूमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले आणि त्याने त्यांची पैदास केली. तेव्हापासून हा प्राणी जगभरच्या प्रयोगशाळांत आणि पुढे घरोघरच्या टाक्यांत पोहोचला. मूळ घरी मात्र त्याची दैना झाली. सोचिमिल्कोत 1998 च्या गणनेत एका चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 ॲक्सोलोटल होते. 2014 मध्ये ही संख्या 36 च्या आसपास उतरली. शहराचे सांडपाणी आणि कालव्यांत बाहेरून आणून सोडलेले तिलापिया व कार्प मासे ही त्याची प्रमुख कारणे होत.

या प्राण्याची कीर्ती एका विलक्षण शक्तीमुळे आहे. त्याचा पाय तुटला तर हाडे, स्नायू, मज्जातंतू यांसह नवा पाय उगवतो. शेपटीच नव्हे, तर हृदयाचा आणि मेंदूचा काही भागही तो पुन्हा घडवू शकतो. आमच्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न येथेच आला : तुटलेला पाय उगवणारा प्राणी अडीच महिन्यांत मरतो कसा? उत्तर असे की, जखम एका जागी असते. ती भरून काढण्यास बाकीचे शरीर शाबूत असते. पाणीच बिघडले, तर कल्ले, त्वचा, रक्त यांवर रात्रंदिवस एकाच वेळी आघात होतो. तेथे पुन्हा उगवण्यास उसंतच मिळत नाही.

वहीतील नोंदी

पहिली नोंद 10 फेब्रुवारीची. 'टाकी धुतली, तळाशी निळे खडे घातले, नळाचे पाणी भरले. संध्याकाळी दोघांना सोडले.' या तीन वाक्यांत पुढील सर्व घटनांचे बीज आहे.

पाण्यात राहणारा हा प्राणी शरीरातील टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो विषारी आहे. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, दुसरे जिवाणू त्यापासून बरेच सौम्य असे नायट्रेट बनवतात. हे नायट्रेट दर आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत त्याच संध्याकाळी प्राणी सोडणे म्हणजे मोरी नसलेल्या घरात माणसे राहायला नेणे होय.

दुसरी महत्त्वाची नोंद 27 फेब्रुवारीची. 'एकाचे कल्ले पुढे वळले आहेत. शेपटीचे टोक आकड्यासारखे झाले आहे. गांडूळ तोंडात धरले आणि सोडून दिले.' ॲक्सोलोटल ओरडत नाही, कण्हत नाही. पुढे वळलेले कल्ले, वाकडे झालेले शेपटीचे टोक आणि अन्नावरची वासना उडणे हीच त्याची भाषा आहे. ही लक्षणे दिसताच सर्वप्रथम पाणी तपासावयाचे असते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. आमच्या विद्यार्थ्याकडे तपासणीचे साहित्य नव्हते. त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि डोळ्यांना अमोनिया दिसत नाही.

तिसरी नोंद मार्चच्या पहिल्या रविवारची. 'पाणी खराब असेल असे वाटून सर्व काढले. टाकी, खडे, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला. पाणी आता काचेसारखे नितळ आहे.' पुढे प्रत्येक रविवारी हीच नोंद आहे. वर्गात हे वाचताना आम्ही थांबलो, कारण सर्वांत अधिक श्रम आणि सर्वांत अधिक माया याच नोंदीत होती. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन मिसळलेले असते. ते उपकारक आणि अपकारक असा भेद करीत नाही. स्पंजवर नुकतीच बसू लागलेली जिवाणूंची वस्ती दर रविवारी धुऊन जात होती, आणि सोमवारपासून अमोनिया पुन्हा साठत होता. शिवाय न मुरवलेल्या पाण्यातील क्लोरीन नाजूक कल्ल्यांना पोळीत होता तो वेगळाच. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, पाणी एका वेळी चौथा हिस्सा बदलावे, आणि नवे पाणी क्लोरीन घालवूनच ओतावे, हा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता.

14 मार्चला कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. ही पाण्यातील बुरशी होय. ती बहुधा आधीच दुर्बळ झालेल्या त्वचेवर धरते. 19 मार्चला पहिला ॲक्सोलोटल गेला. वहीत 'बुरशीने मेला' असे आहे. आमच्या मते बुरशी शेवटी आली. आजार टाकीतच होता. अशा वेळी प्राण्याला तातडीने वेगळ्या भांड्यात, थंड आणि क्लोरीनरहित पाण्यात ठेवून ते पाणी रोज पूर्ण बदलणे व पशुवैद्याचा सल्ला घेणे हा मार्ग असतो.

दुसरा प्राणी एप्रिलपर्यंत टिकला. या महिन्यात तापमापकाची नोंद आहे : दुपारी पाणी 30 अंश सेल्सिअस. ॲक्सोलोटलला 16 ते 18 अंशांचे पाणी मानवते. 24 च्या वर गेले की त्याची प्रकृती ढासळू लागते. 16 अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे 10 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे उष्णतेने प्राण्याची ऑक्सिजनची गरज वाढते, आणि तेव्हाच पाण्यातील साठा घटतो. त्यातच पाणी जितके उष्ण, तितका त्यातील अमोनिया अधिक विषारी. 24 एप्रिलला दुसरा प्राणीही गेला.

एका नोंदीत 'विष्ठेत निळा खडा' असे शब्द आहेत. ॲक्सोलोटल तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो. खडेही त्याबरोबर पोटात जातात आणि आतडे तुंबू शकते. म्हणून तळ मोकळा किंवा अगदी बारीक वाळूचा ठेवतात. परंतु मृत प्राण्यांची पोटे कोणी तपासली नव्हती. खड्यांनीच जीव घेतला असे आम्ही म्हणणार नाही. पुरावा जेथे संपतो तेथे निष्कर्षही थांबला पाहिजे, हेही विद्यार्थ्यांनी या वहीवरून शिकावे.

आम्ही काय केले

टाकी येताच मुलांनी मासे आणण्याचा हट्ट धरला. आम्ही तो मानला नाही. टाकीत मुरवलेले पाणी भरले, फिल्टर चालू केला आणि रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून ते कुजू दिले. दर तीन दिवसांनी मुलांनी थेंब घालून पाणी तपासले व रंग नोंदवला. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढला. चौथ्यात तो उतरू लागला आणि नायट्राइट चढले. सातव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. या सर्व काळात पाणी पहिल्या दिवसाइतकेच नितळ दिसत होते. ही गोष्ट फळ्यावर लिहून समजली नसती.

ॲक्सोलोटल मात्र आणावयाचा नाही असे आम्ही ठरवले. उन्हाळ्यात आमच्या खोल्यांतील पाणी थंड ठेवण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. एका प्राण्यालाही साधारण 75 लिटर पाणी लागते, आणि ही टाकी तेवढी नाही. शिवाय या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आपल्याकडेही 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा यादीतील जिवंत प्राण्यांची नोंद करणे आवश्यक केले आहे. टाकीत आता सहा गप्पी मासे आहेत, ज्यांना आमच्या भागातील उष्ण पाणी सोसते.

कोणताही प्राणी आणण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. तो मुळात कोठला आणि तेथील पाणी, हवा कशी? मे महिन्यात आपण ती देऊ शकू काय? त्याची टाकी त्याच्या आधी तयार आहे काय? तो आजारी पडल्यास त्याची लक्षणे आपल्याला वाचता येतात काय? एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तो प्राणी न आणणे हेच त्याच्यावर प्रेम करणे होय.

आमच्या माजी विद्यार्थ्याला आम्ही पत्राने उत्तर पाठवले. त्यात लिहिले : 'तुझी माया कमी पडली नाही, ती करण्याआधी जे जाणून घ्यायचे, ते राहून गेले. मात्र तू खरे लिहून ठेवलेस, स्वतःची चूकही लपवली नाहीस, म्हणून ऐंशी मुले ती चूक करण्यापासून वाचली.' त्याची वही आम्ही परत केली नाही. तिची निम्मी पाने कोरी होती. त्याच्या प्रश्नाच्या पुढच्या पानापासून मुले आता टाकीच्या पाण्याच्या नोंदी लिहितात.