यमीमा : एका विरळ नावाचा इतिहास व त्यातील बोध

वाचनाचे भाग : ईयोब ४२:१०-१७, गणना २७:१-८

आपल्या मंडळ्यांत मुलींची नावे ठेविताना मरीया, मार्था, रूथ, एस्तेर, सारा, रिबका ही नावे सहज सुचतात. पवित्र शास्त्रात स्त्रियांची दुसरीही पुष्कळ नावे आहेत. परंतु ती ओळखीची नसल्यामुळे कोणी घेत नाही. अशा विरळ नावांपैकी 'यमीमा' हे एक होय. हे नाव सबंध शास्त्रात एकदाच आले आहे. तथापि त्याचा प्रवास मोठा आहे, आणि ज्या एका वचनाशेजारी ते उभे आहे, ते वचन आजही आपल्या घराघरांत पोहोचण्याची गरज आहे. म्हणून ह्या पाठात आम्ही ह्या नावाचा विचार करितो.

१. नाव कोठे आढळते

ईयोबाच्या पुस्तकाच्या अखेरीस त्याची गेलेली संपत्ती त्याला दुपटीने परत मिळाली असे सांगितले आहे. पूर्वी ७,००० मेंढरे होती, ती १४,००० झाली. ३,००० उंट होते, ते ६,००० झाले. बैलांच्या ५०० जोड्यांच्या १,००० जोड्या झाल्या आणि ५०० गाढवींच्या १,००० झाल्या. लेकरे मात्र दुप्पट झाली नाहीत. पूर्वीप्रमाणेच सात पुत्र व तीन कन्या झाल्या. गुरेढोरे मोजून भरून देता येतात, लेकरू तसे भरून देता येत नाही, हे ह्या आकड्यांवरून आपोआप लक्षात येते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या सात पुत्रांपैकी एकाचेही नाव लेखकाने दिलेले नाही. ईयोबाच्या पत्नीचेही नाव दिलेले नाही. तीन कन्यांची नावे मात्र क्रमाने दिली आहेत : यमीमा, कसीया व केरन-हप्पूक. जुन्या करारातील वंशावळ्यांत पुत्रांची नावे लिहावी आणि कन्यांची गाळावी अशीच रीत बहुधा दिसते. येथे ती उलटी झाली आहे.

२. नावाचा अर्थ

कसीया म्हणजे तज, दालचिनीच्या जातीची सुगंधी साल. केरन-हप्पूक म्हणजे सुरम्याचे शिंग. त्या काळी डोळ्यांत घालावयाचे अंजन शिंगात भरून ठेवीत, म्हणून आपल्या भाषेत 'काजळाची डबी' असे म्हणावयास हरकत नाही. यमीमा ह्या शब्दाविषयी दोन मते आहेत. इब्री भाषेत कबुतराला सामान्यतः 'योना' म्हणतात. परंतु तिच्या भगिनी अरबी भाषेत 'यमामा' हा शब्द कबुतराच्या जातीच्या पाखराला लावितात, आणि त्यावरून यमीमा म्हणजे 'पारवी' असा अर्थ पुष्कळ पंडित करितात. दुसरे मत फार जुने आहे. सेप्टुअजिंट नावाच्या ग्रीक भाषांतरात ह्या मुलीचे नाव 'हेमेरा' असे दिले आहे आणि व्हल्गेट ह्या लातिन भाषांतरात 'दिएस' असे दिले आहे. दोहोंचा अर्थ 'दिवस'. इब्रीत दिवसाला 'योम' आणि अनेक दिवसांना 'यामीम' म्हणतात. त्या शब्दाशी ह्या भाषांतरकारांनी नावाचा संबंध जोडला हे उघड आहे.

कोणताही अर्थ घेतला तरी बोध एकच निघतो. हाच ईयोब तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देत होता. हाच राखेत बसून खापरीने अंग खाजवीत होता. त्याच मनुष्याने पुढे आपल्या मुलींना पारवी किंवा दिवस, सुवास आणि अंजन अशी नावे दिली. दुःखातून गेलेल्या बापाने आपल्या दुःखाचे नाव मुलीच्या कपाळी लाविले नाही. आपल्या देशात मुलीच झाल्या म्हणून शेवटच्या मुलीला 'नकोशी' किंवा 'नकुसा' म्हणण्याची चाल कित्येक गावी होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. ज्या मुलीला घरचे लोक दररोज 'नकोशी' म्हणून हाक मारितात, तिला आपण नको आहोत हेच दररोज ऐकावे लागते. ईयोबाच्या घरची हाक ह्याच्या अगदी उलट होती.

३. 'य'चा 'ज' कसा झाला

मराठी शास्त्रात यमीमा आणि इंग्रजीत जेमिमा असे का, असा प्रश्न कोणी विचारील. इब्री भाषेतील 'य' आपल्या मराठी भाषांतरकारांनी तसाच ठेविला. लातिन लिपीत तो 'आय' ह्या अक्षराने लिहीत. पुढे त्याच अक्षरापासून 'जे' हे अक्षर निराळे झाले आणि इंग्रजीत त्याचा उच्चार 'ज' असा रूढ झाला. म्हणूनच आपण याकोब म्हणतो तर इंग्रज जेकब म्हणतात; आपण योहान म्हणतो तर ते जॉन म्हणतात; यरुशलेमाचे जेरुसलेम झाले ते ह्याच रीतीने. तेव्हा यमीमा व जेमिमा ही दोन नावे नसून एकाच नावाचे दोन उच्चार होत.

४. इंग्लंडात प्रसार

धर्मसुधारणेपूर्वी इंग्लंडात बहुतेक नावे संतांची असत. १५६० साली जिनिव्हा बायबल व १६११ साली किंग जेम्स राजाचे भाषांतर छापले गेले आणि शास्त्र सामान्य कुटुंबांच्या हाती आले. प्युरिटन पंथाच्या लोकांनी संतांची नावे टाकून जुन्या करारातील नावे घेतली. त्यांतच जेमिमा व केझाया ही नावे प्रचारात आली. १६२५ साली जन्मलेली जेमिमा क्रू ही पुढे सँडविच परगण्याच्या पहिल्या अर्लची पत्नी झाली. सॅम्युएल पेपिस ह्याच्या प्रसिद्ध रोजनिशीत तिचा व तिच्याच नावाच्या मुलीचा उल्लेख वारंवार येतो. जॉन वेस्ली ह्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव केझाया होते. ती १७०९ साली जन्मली. केरन-हप्पूक हे नाव मात्र लांबलचक म्हणून फारसे कोणी घेतले नाही.

१७२२ साली जन्मलेल्या दुसऱ्या एका जेमिमेचे उदाहरण आमच्या विषयाला विशेष लागू पडते. १७४० साली तिचे आजोबा, केंटचे ड्यूक, मरण पावले तेव्हा त्यांचा मार्शनेस ग्रे हा किताब व रेस्ट पार्क येथील मिळकत ह्या नातीकडे आली. ज्या काळी इंग्लंडात जमीन व किताब बहुधा पुरुषांकडेच जात, त्या काळी यमीमेच्या नावाची ही स्त्री वतनाची धनीण झाली.

पुढे स्कॉटलंडात जेमिमा ब्लॅकबर्न (१८२३-१९०९) ही पक्ष्यांची चित्रे काढण्यात निष्णात निघाली. कोकिळेच्या जातीच्या कुक्कू पक्ष्याचे आंधळे पिल्लू दुसऱ्याच्या घरट्यातील पिले पाठीवर उचलून बाहेर टाकिते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून चित्रात दाखविले, आणि तिच्या साक्षीची दखल खुद्द डार्विननेही घेतली. १९०८ साली बिअट्रिक्स पॉटर ह्या लेखिकेने मुलांसाठी जेमिमा नावाच्या एका भोळ्या बदकीची गोष्ट लिहिली. तेव्हापासून इंग्रजी मुलांना हे नाव शास्त्रापेक्षा त्या बदकीमुळेच अधिक ठाऊक झाले.

५. अमेरिकेत नावाची विटंबना

अमेरिकेतही हे नाव प्रथम मानाचे होते. डॅनियल बून ह्या वसाहतकाराची तेरा वर्षांची मुलगी जेमिमा हिला १७७६ सालच्या जुलैत केंटकीमध्ये दोन मैत्रिणींसह तेथील मूळ रहिवाशांच्या एका टोळीने धरून नेले. मुलींनी वाटेत फांद्या मोडून खुणा ठेविल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली. ही कथा त्या देशात घरोघरी सांगत.

परंतु १८८९ साली मिझुरी राज्यातील एका पीठ विकणाऱ्या मंडळीने आपल्या मालासाठी 'आंट जेमिमा' हे नाव घेतले. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या लोकांची नक्कल करीत, अशा खेळांतील एका गाण्यातून ते उचलले होते. 'आंट' म्हणजे मावशी. आपल्याकडे वडील स्त्रीला मावशी म्हणणे हा आदर होय. पण अमेरिकेच्या दक्षिण भागात गोरे लोक काळ्या स्त्रीला 'बाईसाहेब' म्हणावे लागू नये एवढ्यासाठी 'आंट' म्हणत. शब्द गोड असला तरी हेतू कमीपणा देण्याचा होता. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन नावाच्या स्त्रीला त्या वेषात उभे करून, घावनासारखे पॅनकेक तव्यावर करून लोकांना वाढावयास लाविले. नॅन्सी ग्रीन १८३४ साली केंटकीत गुलामगिरीत जन्मली होती. ती शिकागोच्या ऑलिव्हेट बॅप्टिस्ट मंडळीची सभासद होती. १९२३ साली तिचा अपघाती मृत्यू झाला. जिच्या रूपाने लाखो पुडे खपले, तिच्या कबरेवर नावाचा दगड लागावयास २०२० साल उजाडावे लागले. त्याच वर्षी पिठाच्या मालकांनी हे चित्र वंशभेदाच्या कल्पनेतून आले असल्याचे कबूल केले, आणि २०२१ साली ते नाव मालावरून काढून टाकिले.

ज्या नावाची मुलगी शास्त्रात वतनाची वाटेकरीण आहे, तेच नाव मनुष्यांनी दास्याचे चिन्ह केले. नाव निर्मळ असून भागत नाही. ते घेणाऱ्याला आपण कोणती जागा देतो ह्यावर त्याचा मान अवलंबून राहतो.

६. आपल्या देशात

आज महाराष्ट्रात हे नाव लोकांच्या तोंडी आले ते मुंबईत २००० साली जन्मलेल्या जेमिमा रॉड्रिग्ज हिच्यामुळे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे महिलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावा करावयाच्या असता तिने नाबाद १२७ धावा केल्या आणि भारताचा विजय झाला. पुढे २ नोव्हेंबरला विश्वचषकही भारताने जिंकिला. सामना संपल्यावर तिने अश्रू ढाळीत प्रभू येशूचे आभार मानिले आणि गेल्या काही दिवसांतील आपल्या मनाची व्याकुळता मोकळेपणाने सांगितली.

७. वतनाचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पंधराव्या वचनात, ईयोबाने आपल्या कन्यांना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले असे सांगितले आहे. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून आपला हक्क मागितला व परमेश्वराने तो मान्य केला. परंतु त्यांना भाऊ नव्हता. पुत्र नसेल तर कन्येला द्यावे, एवढाच तो नियम होता. ईयोबाला तर सात पुत्र होते. नियमाने त्याच्यावर काहीच बंधन नव्हते. मुलींनी मागितले असेही लिहिलेले नाही. त्याने आपण होऊन दिले.

आपल्याकडे कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. १८६५ च्या व त्यानंतर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता मेला, तर विधवेचा एक तृतीयांश हिस्सा वेगळा काढून उरलेला भाग मुलगे व मुली ह्यांत सारखा वाटावयाचा आहे. त्रावणकोरात मात्र १९१६ च्या निराळ्या कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा ५,००० रुपये, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय ह्या बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन तेथील ख्रिस्ती मुलींनाही समान हक्क असल्याचे ठरविले.

कायदा आहे, परंतु घरातील रीत निराळी आहे. बाप वारला की सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात, आणि लवकरच बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते. "माहेर तुटेल" एवढ्या एका भीतीने ती अंगठा उठविते किंवा सही करिते. कोणी राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण भावाचे तोंड पाहावयास मिळावे म्हणून जमिनीचा मोबदला द्यावा लागणे, ह्याला राजीखुशी म्हणता येत नाही. लग्नात खर्च केला तोच तिचा हिस्सा, असे सांगणाऱ्यांनी ईयोबाचे वचन पुन्हा वाचावे. मुलीचे नाव शास्त्रातून घ्यावे आणि वाटणी मात्र गावाच्या रिवाजाप्रमाणे करावी, हे सुसंगत नव्हे.

ज्या घरी पुढे कन्या जन्मेल, त्यांनी यमीमा हे नाव अवश्य ठेवावे. नाव लहान, गोड व अर्थपूर्ण आहे. परंतु ते ठेविताना पंधरावे वचनही त्याबरोबर स्वीकारावे. नाव बाप्तिस्म्याच्या दिवशी देता येते. वतन देण्याची वेळ पुढे येते, आणि नाव खरे मनापासून दिले होते की नाही हे तेव्हाच कळते.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. ईयोबाच्या मुलांची नावे न देता मुलींचीच का दिली असावी?
२. सलाफहादाच्या मुली व ईयोबाच्या मुली ह्यांच्या वतनात कोणता भेद आहे?
३. आदराचा शब्द कमीपणा देण्यासाठी वापरला जातो, अशी आपल्या गावातील उदाहरणे कोणती?
४. आपल्या कुटुंबात बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली असेल, तर ती कशामुळे केली, हे तिला कधी विचारिले आहे काय?